शाळेसमोरचा खड्डा

"हा फळा इथून काढून टाका," जीपमधून एक पाय खाली टाकता टाकताच येरोळकर साहेब म्हणाले.

"का? त्यात खोटं काय लिहिलंय?" मी विचारलं.

ते बांधकाम खात्याचे उपअभियंता. आमच्या करडवाडी फाट्याचा रस्ता त्यांच्या ताब्यात. फळा मात्र माझा, माझ्या पेट्रोल पंपावरचा. दरांच्या पाटीखाली शाळेतला एक जुना फळा टांगून मी त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'तुम्ही भरलेल्या प्रत्येक लिटरात रस्त्याचा कर आहे. तो रस्ता कुठे गेला? समोर बघा.' आणि खाली बाण. बाणाच्या टोकाला, पंपापासून हाकेच्या अंतरावर, शाळेच्या फाटकासमोर खड्डा होता. ट्रकवाले टाकी भरेपर्यंत फळा वाचायचे, खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि निघून जायचे. कुणीतरी फळ्याचा फोटो पेपरात दिला, तेव्हा कुठं साहेबांच्या जीपला आमचा फाटा सापडला. या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली असतील.

"खोटं नाही, अर्धवट आहे," साहेब म्हणाले. "मॅडम, दोन वर्षांत हा खड्डा आम्ही चारदा बुजवलाय. कराचा पैसा याच्यातच जातोय. माझ्याकडे फोटो आहेत."

"फोटो कुठल्याही खड्ड्याचे काढता येतात. खड्ड्याच्या कपाळावर काय गावाचं नाव असतं?"

"मागं शाळा दिसतेय, बघा तरी."

त्यांनी मोबाईल पुढं केला. मी बघितलं नाही. सरकारी माणसानं दाखवलेलं काहीही बघायचं नाही, असं मी सहा महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं.

त्या खड्ड्यात माझा नवरा गेला. शिवराज बिराजदार. दिवाळीच्या आधी, परतीचा पाऊस चालू असताना, हे सोलापूरहून मोटारसायकलवर येत होते. दिवेलागण झाली होती. तेव्हा पंप हेच बघायचे, मी घरीच असायची; त्या संध्याकाळी यांची वाट बघायला म्हणून पंपाच्या दारात उभी राहून गाडीचा दिवा येताना बघत होते. बघता बघता तो दिवा आडवा झाला. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, 'मयत हा आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने व भरधाव वेगात चालवून स्वतःचे मरणास स्वतः कारणीभूत झाला.' माणूस मेला आणि गुन्हाही त्याच्याच नावावर! आमचे हे कधी गाडी चाळीसच्या पुढं न्यायचे नाहीत. मी मागं बसले की म्हणायची, याच्यापेक्षा चालत निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो.

मला ते वाक्य पुसून हवं होतं. भरपाई नको होती, कुणाची हळहळ नको होती. रस्ता निकृष्ट होता म्हणून माणूस मेला, एवढं खात्यानं लिहून द्यावं, मग मी पोलिसांकडे जाऊन ते वाक्य बदलून घेईन, हाच एक ध्यास होता. एक गोष्ट मात्र मलाही कळत नव्हती. त्या खड्ड्याला दिवसातून दहादा वळसा घालून जाणारा माणूस नेमका त्याच खड्ड्यात कसा गेला? लोक म्हणायचे, काळ आला की दिसत नाही.

तेवढ्यात काशिनाथआप्पा चहा घेऊन आले. पंपाला लागून त्यांचं हॉटेल होतं, म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि डिझेलवर चालणारी भट्टी. यांना खड्ड्यातून उचलून मांडीवर घेतलं ते आप्पांनीच. नंतर महिनाभर माझ्या घरी दोन्ही वेळची भाकरी त्यांच्याकडून आली. माझे वडील लवकर गेले, आप्पा मला त्यांच्या जागी होते. मुळात माणूस अबोल. त्यात चार वर्षांपूर्वी त्यांची नात शाळेतून येताना ट्रकखाली सापडली, तेव्हापासून तर कामापुरतंच बोलायचे.

"आप्पा, तुम्ही इथंच असता," साहेब म्हणाले. "तुम्ही सांगा, बुजवला की नाही आम्ही खड्डा?"

"बुजवला असंल बी," आप्पा म्हणाले आणि ग्लास ठेवून निघून गेले.

मला रागच आला. गावात सगळ्यांना तोंड आहे, पण सरकारपुढं साक्ष द्यायची वेळ आली की सगळे मूग गिळून गप्प.

"बुजवलात म्हणता, मग टिकला का नाही?" मी साहेबांना धरलं. "नुसतं काळं पाणी शिंपडून जाता. डांबर मधल्यामध्ये कोण खातं?"

हे मात्र त्यांना लागलं. माणूस तरुण होता, खात्यात मुरायचा होता अजून. म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी तुमच्या डोळ्यांदेखत बुजवतो. आठ दिवसांनी बघायला येतो. टिकला तर फळा उतरवायचा. उखडला तर काम निकृष्ट आहे आणि आधीचंही निकृष्टच होतं, असं मी स्वतःच्या सहीनं लिहून देतो."

"तुमची नोकरी जाईल."

"जाणार नाही मॅडम. कारण उखडणार नाही."

सोमवारी मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. लग्नात वरमाय बसते तशी. साहेबांनी खड्डा चौकोनी कापून घेतला, झाडून काढला, आत डांबराचा हात मारला, मग वाफाळती खडी ओतून वरून रोलर फिरवला. डोक्याला रुमाल बांधून स्वतः उन्हात उभे राहिले. खोट काढायची म्हणून मी बसले होते आणि काढायला खोट सापडेना. संध्याकाळी तो तुकडा काळाभोर, सपाट, रस्त्यात रस्ता मिसळून गेला. मला आनंद व्हायला हवा होता. पण आता हा उखडला नाही तर यांच्या नावापुढचं वाक्य जन्मभर राहणार, याच विचारानं मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाड्यांचा आवाज बदलला. शाळेपाशी गिअर पडायचा, ब्रेक करकरायचे, ते सगळं थांबलं. नुसता सूं करून वारा यायचा आणि गाडी गेलेली असायची. टाकी भरायला थांबणारे ड्रायव्हर फळा वाचून हसायला लागले. "ताई, आता खाली आभार लिहा," एक जण म्हणाला.

बुधवारी दुपारची गोष्ट. एप्रिलचं ऊन, शाळा सकाळची असल्यामुळं केव्हाच सुटलेली. पंपावर गिऱ्हाईक नव्हतं. मी केबिनच्या खिडकीतून सहज बाहेर बघितलं तर आप्पा एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कॅन घेऊन त्या नव्या डांबरावर उभे. तुळशीला पाणी घालावं तसं कडेकडेनं काहीतरी ओतत होते. मला वाटलं, उन्हात डांबर पाघळतं, लेकरांच्या चपला चिकटतात, म्हणून म्हातारा पाणी मारतोय. जीव कळवळला माझा. आणि मग मी कॅन ओळखला. सकाळी भट्टीसाठी म्हणून मीच भरून दिला होता.

मी अनवाणीच धावले.

"आप्पा! काय करताय?"

ते दचकले नाहीत, पळालेही नाहीत. कॅन उपडा करून शेवटचा थेंब पडू दिला आणि मगच माझ्याकडे बघितलं.

"डिझेल आहे ना ते?"

"हो."

"अहो, डांबर विरघळतं त्यानं!"

"म्हणून तर टाकायलो, पोरी."

पायाला चटके बसत होते, तेही कळत नव्हतं. पंपावर आम्हा सगळ्यांच्या अंगाला डिझेलचा वास. त्यामुळं रस्त्याला तो येतो हे कुणाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"आधीचे चार?" मी विचारलं.

"मीच."

"यांचा? यांचा खड्डा?"

आप्पा तिथंच रस्त्यावर उकिडवे बसले. छत्री कलंडली. "तोबी मीच."

मी त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना उठवलं. वडिलांच्या जागी असलेल्या माणसाला मी कसं हलवलं, काय काय बोलले, ते आजही सांगताना अंगावर काटा येतो. "माझं कुंकू पुसलंत आणि वर माझ्याच दारात भाकरी आणून ठेवलीत? मी सहा महिने सरकारच्या नावानं बोंबलतेय, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढं रडतेय, आणि तुम्ही चहा देत होतात मला? कसा गिळवला हो तुम्हाला घास? कशासाठी केलंत? गाड्या थांबल्या की चहा खपतो म्हणून?"

"चहा?" आप्पा म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नाही मी काय म्हणतेय ते.

तेवढ्यात एक टेम्पो भोंगा वाजवत आला. आप्पांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. टेम्पोनं वेग जरासुद्धा कमी केला नाही. माझा पदर उडाला, तोंडात धूळ गेली.

"बघितलास?" आप्पा म्हणाले. "माझी नात गेली तवा रस्ता असाच होता. नवा कोरा. डांबरी झाला म्हणून गावानं पेढे वाटले होते, मीबी वाटले. महिन्याच्या आत लेकरू गेलं. मंग शाळंसमोर गतिरोधक करा म्हणून सरपंच गेला, मी गेलो, शिवराज तर धा खेपा गेला. तवाचे साहेब म्हणले, खड्डा बुजवायला हेड हाय, म्हंजी पैसा मंजूर हाय, गतिरोधकाला हेड नाही. राज्य मार्गावर बसतच नाही म्हणले ते."

"मग खड्डा पाडायचा?"

"खड्डा पडला न् गाड्या मुंगीवानी जाऊ लागल्या. दोन वर्सं शाळंतल्या एका लेकराला धक्का लागला नाही. शिवराज गेल्यावर मी कानाला खडा लावला होता, आता पुन्हा नाही. खात्यानंबी अपघाताची केस हाय म्हणून बुजवला नाही, मला काय करावं लागलं नाही. पण आज सकाळी शाळा सुटली न् एक जीप पोरीच्या दप्तराला घासून गेली. दप्तर उडून माझ्या हॉटेलात येऊन पडलं. पोरगी वाचली. मला राहवलं नाही, माय."

मी खाली बसले. रडू येत नव्हतं. समोरच्या काळ्या तुकड्यावर डिझेल इंद्रधनुष्यासारखं चमकत होतं आणि कडेची खडी सुटी होऊ लागली होती.

"यांना तरी सांगायचं होतंत," मी म्हणाले. "तुम्हाला पोरासारखे होते ते. यांना माहीत असतं, तर सावध राहिले असते."

आप्पांनी कलंडलेली छत्री उचलली.

"माहीत होतं की त्याला."

"काय?"

"त्यानंच सांगितलं मला. तुमच्या पंपाच्या तोंडाशी डिझेल सांडून सांडून डांबर खाल्लं होतं बघ, ते दाखवलं. म्हणला, आप्पा, वर बांधू देत नाहीत ना, मंग आपण खाली करू. पयला कॅन त्यानंच भरून दिला. पैसे घेतले नाहीत."

"आणि मला?"

"तुला बोलू नको म्हणला. महानंदाच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणला." आप्पांनी कॅनचं झाकण फिरवून लावलं. "हसून म्हणला."

अगदी यांचंच वाक्य. लग्न झाल्यापासून मी ते ऐकत आले होते. म्हणजे आप्पा खोटं बोलत नव्हते. ज्या खड्ड्याला मी सहा महिने शिव्या घालत होते, तो आमच्याच घरातून निघाला होता, आमच्याच टाकीतल्या डिझेलनं. रागवायचं तर कुणावर, तेच कळेना.

"मग ते त्यात गेले कसे, आप्पा? त्यांनीच पाडलेल्या खड्ड्यात?"

"सोलापूरला निघाला तवा इथं खात्याचा रोलर चालू होता. खड्डा बुजलेला बघून गेला तो. मी मागून टाकलं. एरवी चार-पाच दिस लागतात उखडायला. त्या खेपंला पाऊस लागला, वरून उसाच्या गाड्या, दोन दिसात उघडा पडला. आता त्याच्याभोवती चुना तरी टाकावा म्हणून मी घमेलं घेऊन निघालो न् समोरून त्याचा दिवा आला. त्याच्या मतानं रस्ता चांगला होता, पोरी. चांगला रस्ता म्हणून आला तो, जोरात."

चाळीसच्या पुढं न जाणारा माणूस. दोन दिवसांनी घरी येत होता, पंपाचे दिवे दिसत होते, रस्ता गुळगुळीत आहे हे स्वतः बघून गेला होता. पोलिसांनी लिहिलेला 'भरधाव' खरा होता!

मी उठले आणि आप्पांकडे न बघता पंपावर आले. त्या दिवशी त्यांचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. गुरुवारी त्या तुकड्याच्या कडा खचल्या. शनिवारी ट्रकच्या चाकांनी खडी उधळायला सुरुवात केली. रविवारी खड्डा होता तसा झाला. मी केबिनमध्ये बसून सगळं बघत होते. मला हवं होतं ते आता आयतं हातात पडणार होतं. साहेब येणार, खड्डा बघणार, शब्दाला जागून लिहून देणार. मी फक्त गप्प बसायचं होतं. महानंदाच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं म्हणणारा माणूसही आता नव्हता.

ठरल्याप्रमाणं साहेब आले. खड्ड्याच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. वाकून हातात खडी घेतली, टाकली. मग आप्पांच्या हॉटेलात बाकड्यावर येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. आपण स्वतः उभं राहून केलेलं काम आठ दिवसांत वाहून गेलेलं बघून माणूस पार खचला होता.

"मला कळत नाही, मॅडम," ते म्हणाले. "खडी चांगली होती. डांबर मी स्वतः तपासलं होतं. पण शब्द दिलाय तुम्हाला."

त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. "सदर ठिकाणचे काम निकृष्ट दर्जाचे असून, यापूर्वीची कामेही..."

आप्पा भट्टीपाशी पाठमोरे उभे होते. चहा उतू जात होता, तरी आच कमी करत नव्हते.

"थांबा," मी म्हणाले. "डिझेल टाकलंय त्याच्यावर."

साहेबांचं पेन थांबलं. "काय?"

"डिझेल ओतलंय. आधी चारदा ओतलं, तेव्हाही तुमचं काम चांगलंच असणार."

"कुणी ओतलं?"

आप्पा वळले. हात जोडून पुढं आले आणि बोलायला तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोलले.

"आधीचं माझ्या नवऱ्यानं. आत्ताचं मी."

"पोरी, उगं काहीतरी..."

"आप्पा, साहेबांना चहा आणा," मी म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हे काय बोलताय तुम्ही? हे लिहिलं तर तुमची केस संपली. तुमच्या मिस्टरांच्या मरणाला खातं जबाबदार नाही, हे तुम्हीच सांगताय. वर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून तुमच्यावर गुन्हा."

"लिहा. पण का ओतलं तेही लिहायचं. एक लेकरू गेलं, गावानं गतिरोधक मागितला, तुमच्याकडे हेड नव्हतं. चारदा खड्डा बुजवायला पैसा होता, एकदा उंचवटा करायला नव्हता. हे सगळं त्याच कागदावर पाहिजे."

"कोणतं लेकरू?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"माझ्याकडे या रस्त्याचे सगळे अपघात आहेत. खड्ड्यात गेलेले," साहेब गोंधळून म्हणाले. "त्याच्या आधी... तेव्हा तर इथं रस्ता सुस्थितीत होता."

मला धक्का बसला. रस्ता चांगला होता, म्हणून त्यांच्या कागदावर ते मरणच नव्हतं! आप्पांनी हातातला ग्लास साहेबांपुढं ठेवला. नात गेल्यापासून त्यांनी तिचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

"राजश्री," आप्पा म्हणाले. "दुसरीत होती, साहेब. ह्याच बाकड्यावर बसून अभ्यास करायची."

साहेब नकळत बाकड्यावरून उठले. उभ्या उभ्या त्यांनी चहा संपवला. अर्धा लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

मी पोलिसांची वाट बघत राहिले. आलं कुणीच नाही. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत, एका सकाळी खात्याचा रोलर आला आणि खड्डा भरून त्याच्यावर शाळेच्या फाटकापासून पलीकडच्या कडेपर्यंत चांगला हातभर रुंद उंचवटा करून गेला. बरोबर साहेब होते. हेड कुठून काढलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "खड्डे बुजवण्यातून. कागदावर इथं गतिरोधक नाही, मॅडम. आम्ही खड्डा बुजवलाय, जरा जास्त बुजवलाय."

आप्पांच्या हातचा चहा मी त्या दिवशी पुन्हा घेतला. फळा मी स्वतःच उतरवून शाळेला परत दिला. पोलिसांच्या कागदावरचं यांच्या नावापुढचं वाक्य तेवढं आहे तसंच आहे. ते बदला म्हणायला मी पुन्हा गेले नाही.